आत्या कुठेही झोपेल

आमच्या नात्यात अजूनही म्हणतात की त्या परदेशच्या सहलीचा विचका माझ्या नणंदेने केला. म्हणू देत. म्हणणाऱ्यांपैकी एकही जण तिथे नव्हता. मी होते. म्हणून लिहायला बसले.

नणंद म्हणजे माझ्या यजमानांची सगळ्यांत मोठी बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते, भाऊ ताई म्हणतात, मुलं आत्या. त्यांनी लग्न केलं नाही. का नाही केलं असं कुणी विचारलं की "राहून गेलं" म्हणतात आणि पुढचा टाका घालतात.

टाका म्हणजे गादीचा. आमचं गाद्यांचं दुकान आहे. खाली दुकान, मागे कापूस पिंजायची खोली, वर घर. सासरे गेले तेव्हा दोन्ही भाऊ शाळेत जात होते. तेव्हापासून दाभण वन्संच्या हातात आली ती आजतागायत. त्यांच्या अंगठ्याला असा घट्टा पडलाय की त्यावर काडी ओढली तर पेटेल, असं आमचे हे म्हणतात.

दुकानाची एक रीत आहे, सासऱ्यांनी घालून दिलेली. नवी गादी भरून झाली की ती लगेच गिऱ्हाईकाकडे जात नाही. वर धुतलेली चादर घालून घरातल्या कुणीतरी एक रात्र तिच्यावर झोपून बघायचं. आधी सासरे झोपायचे, त्यांच्यानंतर वन्सं. सकाळी उठून त्या गादीवर बोट ठेवतात, "इथे गाठ आहे, उसवा." गिऱ्हाईक घाईला आलेलं असो, दारात टेम्पो उभा असो, गादी उसवली जाते.

या रीतीचा एक परिणाम असा झाला की सगळ्या गावाच्या गाद्यांवर झोपून आलेल्या या बाईची स्वतःची गादी नव्हती. पलंगही नव्हता. बाहेरच्या खोलीत त्या दिवशी जी गादी तयार असेल ती अंथरायची. तयार नसेल तर सतरंजी. घरात पाहुणे आले, जागा कमी पडली, की एक वाक्य ठरलेलं होतं, "आत्या काय, कुठेही झोपेल." मुलंसुद्धा म्हणायची. वन्संही म्हणायच्या. या घरात मी सून म्हणून आले तेव्हा ते मला वन्संचं कौतुक वाटलं होतं.

आता सहलीचं. ती काढली थोरल्या भाऊजींनी. म्हणजे माझे मोठे दीर, वन्संच्या पाठचे. माणूस मनाने वाईट नाही, पण एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाचं ऐकायचे नाहीत. वन्सं त्यांना मॅनेजरसाहेब म्हणतात. भाऊजींनी वर्षभर फोनमध्ये डोकं घालून महिनाभराची सहल आखली. इतकी शहरं घेतली की ती सांगताना त्यांनाच दम लागायचा. आमचे हे एकदा भीत भीत म्हणाले, "दादा, मध्ये एखादा दिवस नुसतं बसायला ठेवू या का?"

"बसायला घर आहे ना इथे," भाऊजी म्हणाले. "तिकडे काय बसायला जायचं?"

भाऊजी, जाऊबाई, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं, आमची दोन मुलं. हे आठ. आणि वन्सं. वन्संना एकच गोष्ट बघायची होती, बर्फाचा डोंगर. "पिंजलेल्या कापसाचा ढीग जन्मभर बघितला," त्या म्हणाल्या, "देवाने पिंजलेला एकदा बघते." दुकानातल्या आपल्या वाट्यातून त्यांनी आमच्याइतकेच पैसे सहलीत घातले. तो डोंगर होता सहलीच्या शेवटच्या मुक्कामावर.

भाऊजींनी विमानाची तिकिटं नऊ काढली, कारण विमानात पासपोर्ट मोजतात. घरं मात्र भाड्याने घेतली आठ जणांची. प्रत्येक शहरात एकेक घर, पैसे आधीच भरलेले, परत न मिळणारे. आठ माणसांच्या घरापेक्षा नऊ माणसांचं घर फारच महाग पडतं म्हणे. आणि भाऊजी गादीवाले. माणूस मोजायचा तर ते पलंग मोजतात. घरातले पलंग मोजले, त्यावरची माणसं मोजली, आठ भरली. नवव्या माणसाचा पलंगच नव्हता. त्यांना ही चूक वाटलीच नाही. मला नंतर म्हणाले, "अगं, ताई काय, कुठेही झोपते."

पहिल्याच शहरात पहाटे उतरलो. घर दुपारनंतर मिळणार, हे कुणी वाचलंच नव्हतं. सामान म्हणाल तर एखाद्या वरातीचं वाटावं. जाऊबाईंनी कुकर घेतला होता, मी इस्त्री घेतली होती, आता लपवत नाही. ते सगळं घेऊन आम्ही एका बागेतल्या बाकांवर बसलो. मुलं बॅगांवर आडवी झाली. यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत आणि ती बॅग दुसऱ्याच विमानात बसून दुसऱ्याच गावाला गेलेली. फोनचं कार्ड फक्त भाऊजींनी घेतलेलं, घराचा पत्ता त्यांच्या फोनमध्ये आणि फोन मान टाकलेला. चार्जर कुठे, तर हरवलेल्या बॅगेत. ती बॅग मिळाली तिसऱ्या दिवशी.

एका दुकानात फोन जरासा चार्ज करून घेतला आणि कसेबसे घरापाशी पोचलो. चौथा मजला, लिफ्ट नाही. दारात घरमालक किल्ली घेऊन उभा. तरुण पोरगा, हसरा. त्याने बोटाने आम्हाला मोजलं. मोजलं आणि हसणं थांबलं. आमच्या पुतणीला, म्हणजे जाऊबाईंच्या मुलीला, तिकडची भाषा थोडीफार येते. ती म्हणाली, "बाबा, तो म्हणतोय आठच. नववा माणूस आत आला तर सगळ्यांना बाहेर काढीन. तसा नियम आहे."

भाऊजींनी क्षणभर विचार केला आणि मागे वळले. "ताई, तू जरा समोर थांब. हा गेला की फोन करतो."

"माझा फोन इथे चालत नाही," वन्सं म्हणाल्या.

"मग खिडकीतून हात करतो."

वन्सं रस्त्यापलीकडे औषधांच्या दुकानासमोर आपली पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. मालक गेला, खिडकीतून हात केला, त्या वर आल्या. चपला हातात घेऊन, कारण जिन्यात आवाज नको. स्वयंपाकघरात दोन रजया घातल्या. "मस्त झोपते मी," त्या म्हणाल्या. आणि झोपल्या.

दुसऱ्या शहरात दारावर कॅमेरा होता. तिथे मुलांनी डोकं चालवलं. पुतणी तिचं लाल जाकीट घालून, टोपी डोळ्यांवर ओढून आत गेली, जाकीट मागच्या खिडकीतून खाली टाकलं, ते वन्संनी घातलं आणि त्या दारातून आत आल्या. कॅमेऱ्याला वाटावं, तीच मुलगी पुन्हा आली. साठी ओलांडलेली बाई पोरीसारखी टणाटण चालत आत शिरली. आम्ही पोट धरधरून हसलो, वन्संही हसल्या. पण रोज येता जाता ते जाकीट खिडकीतून खाली पडायला लागलं तेव्हा मला हसू येईनासं झालं. मी रोज सकाळी देवाचं नाव घेते तेव्हा घरातल्या प्रत्येकाचं नाव त्याच्या कानावर घालते, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. पहिलं वन्संचं. देवापुढे नऊ आणि दारापुढे आठ, हे मला पटेना. मी यांना म्हटलं. हे भाऊजींना म्हणाले. भाऊजी म्हणाले, "पैसे भरलेत रे! आता काय करू, सांग!"

पुढची शहरंही अशीच गेली. डोंगराआधीच्या शेवटच्या शहराकडे निघताना गाडी चुकली. निघालो त्या गावात स्टेशनं दोन, आम्ही बसलो एकावर, गाडी सुटली दुसऱ्यावरून. पुढची मिळाली ती उशिराची. पोचलो तेव्हा पाऊस, वारा, आणि आमच्याकडे सगळे उन्हाळी कपडे. भाऊजींनी त्या देशाचा उन्हाळा आपल्या उन्हाळ्यावरून धरला होता. वन्संना नेहमीप्रमाणे रस्त्यापलीकडे बसथांब्यावर उभं केलं. यावेळी मालकीण बोलकी निघाली. गॅस कसा लावायचा, कचरा कुठे टाकायचा, एकेक गोष्ट दोनदोनदा सांगत बसली. भाऊजी माना डोलवत होते, मी खिडकीशी उभी होते. बसथांबा दिसत होता. मग एक बस आली आणि उभी राहिली. बस गेली तेव्हा थांबा रिकामा होता.

मी ओरडले, "वन्सं दिसत नाहीत!"

मालकिणीदेखत ओरडले. भाऊजींनी डोळे वटारले. पण तोवर मी जिना उतरत होते.

जिना उतरताना एकेक गोष्ट डोक्यात येत गेली. वन्संकडे चालू फोन नाही. पत्ता त्यांना सांगितलेलाच नाही, कारण त्यांनी तो कुणाला सांगायचाच नव्हता. पासपोर्ट भाऊजींच्या पोटाशी बांधलेल्या पिशवीत. कुणी विचारलं, बाई कुठे राहता, तर त्या काय सांगणार? बसथांब्यावर पोचले, पिशवीही नव्हती. भर रस्त्यात मी देवाला हाका मारायला लागले. मागून हे आले, पुतणी आली, जाऊबाई छत्री उलटी झालेली घेऊन आल्या. एक जण या टोकाला, एक जण त्या टोकाला.

पुतणीनेच बघितलं. "काकू, आत्या!"

थांब्यापासून चार दुकानं सोडून एक सामानाचं दुकान होतं. खुर्च्या, कपाटं, पलंग. मोठी काच, आत झगझगीत दिवे. काचेच्या मागे, रस्त्यावरून जाणाऱ्याला नीट दिसावा असा मांडलेला एक मोठा पलंग, त्यावर पांढरीशुभ्र गादी. आणि त्या गादीवर वन्सं कुशीवर, हात उशाशी घेऊन गाढ झोपलेल्या. चपला पलंगाखाली जोडून ठेवलेल्या. दुकानदार बाजूला उभा. काचेबाहेर दोन-तीन माणसं छत्र्या घेऊन थांबलेली. त्यांना वाटलं असेल, जाहिरात आहे.

आम्ही आत गेलो. दुकानदार पुतणीशी काही बोलला. ती आम्हाला म्हणाली, "म्हणतोय, त्या थंडीने काकडत आत आल्या. एकेक गादी दाबून बघितली. शेवटी हिच्यावर आडव्या झाल्या. उठवायला मन होईना."

मी वन्संच्या खांद्याला हात लावला. त्या जाग्या झाल्या, उठून बसल्या, गादीवरून हात फिरवला. "काठ कच्चे आहेत," म्हणाल्या. "वर्षात बसतील. पण झोप लागली गं. घर सोडल्यापासून पहिल्यांदा पलंगावर पाठ टेकली."

मग दारातून भाऊजी आले, ओलेचिंब. जीव भांड्यात पडला की माणूस आधी रागावतो. "ताई, तुला कळतं का काही? तिकडे आमचा जीव जायची वेळ आली! ती मालकीण पोलिसांना बोलावते म्हणतेय!"

वन्संनी शांतपणे चपला घातल्या. "मला उभं कुणी केलं होतं?"

"अगं, पण हलायचं कशाला तिथून?"

"अरे, मी काय टेम्पो आहे? लाव म्हटलं तिथे लावला?"

दुकानदाराला शब्द कळले नाहीत, पण तो मान खाली घालून हसला. काही गोष्टींना भाषा लागत नाही.

मालकिणीने पोलीस बोलावले नाहीत. तिने दंड घेतला आणि कुठूनतरी एक घडीची खाट आणून धाडकन ठेवली. पण ती रात्र काही नीट गेली नाही. जेवायला बसलो तेव्हा भाऊजी कुणाकडे न बघता म्हणाले, "मी विचार केलाय. पुढचं घर डोंगरातलं, तिथे नियम याहून कडक आहेत. उद्या ज्या शहरात गाडी बदलायची, तिथून आपल्याकडे थेट विमान आहे. ताईला बसवून देऊ. तिचे गुडघेही दुखतात. उगाच हाल कशाला?"

आमचा धाकटा तेवढा म्हणाला, "पण आत्याला बर्फ बघायचाय ना?"

"व्हिडिओ दाखवू की," भाऊजी म्हणाले. "घरबसल्या."

मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या ताटातला घास चिवडत होत्या. शेवटी मीच तोंड उघडणार होते, पण वन्संनी हात वर केला.

"माझे गुडघे माझे आहेत," त्या म्हणाल्या. "ते दुखतात का, ते मला विचार. त्यांना मी बर्फापर्यंत नेणार आहे."

"ताई, हट्ट करू नकोस. जागा नाहीये. आठच."

"मग आठ जाऊ."

"म्हणजे?"

"म्हणजे आठ जाऊ," वन्सं म्हणाल्या आणि ताट उचलून धुवायला गेल्या. भाऊजींना वाटलं, ऐकलं. मलाही तसंच वाटलं, आणि मला इतका राग आला की मी त्या दिवशी भाऊजींना पाणीसुद्धा विचारलं नाही.

सकाळी स्टेशनवर गाडी बदलायची वेळ आली. भाऊजी फोनवर विमानाचं तिकीट शोधत होते. वन्संनी पिशवी उचलली आणि डोंगराकडच्या गाडीत जाऊन बसल्या. खिडकीची जागा. गाडी सुटायला आली, सगळे आत शिरले, भाऊजींना फलाटावर एकटं राहायचं नव्हतं, तेही शिरले. वाटभर ते वन्संशी बोलले नाहीत. वन्संना फरक पडला नाही. त्या काचेला नाक लावून बसल्या होत्या.

डोंगरातलं घर लाकडाचं, उतारावरचं. घरमालकीण वयाने वन्संच्याच बरोबरीची असावी. केस पांढरे, चेहरा कडक, दारात कमरेवर हात ठेवून उभी. भाऊजी नेहमीप्रमाणे मागे वळले, "ताई, तू जरा त्या कुंपणाशी..."

वन्सं थांबल्या नाहीत. सगळ्यांच्या पुढे झाल्या, पायऱ्या चढल्या, म्हातारीसमोर उभ्या राहिल्या. स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि एक बोट वर केलं. एक. मग मागे वळून जाऊबाईंना ओढून आत केलं, दोन बोटं. मला, तीन. पुतणीला, तिच्या भावाला, आमच्या दोघा पोरांना, यांना. एकेकाला धरून दारातून आत, एकेक बोट वर. आठ झाले. दोन हातांची आठ बोटं त्यांनी म्हातारीपुढे धरली. म्हातारीने मान डोलावली.

बाहेर पायरीवर भाऊजी उभे. हातात सगळ्यांत मोठी बॅग, कुकर तिच्यातच.

"अगं ताई, आणि मी?"

वन्संनी त्यांच्याकडे नीट वरपासून खालपर्यंत बघितलं. गादी बघतात तसं.

"मॅनेजरसाहेब, तू काय," त्या म्हणाल्या, "कुठेही झोपशील."

मी देवाची शपथ घेऊन सांगते, हसायचं नाही असं ठरवलं होतं. पण आधी हसल्या जाऊबाई. पदरात तोंड घालून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भाऊजींनी त्यांच्याकडे बघितलं, आशेने.

"अहो," जाऊबाई म्हणाल्या, "मफलर घेऊन जा."

पुतणीने म्हातारीला सगळं समजावून सांगितलं. कडक चेहऱ्याची ती बाई भाऊजींना घेऊन उताराखाली गेली. तिच्या भावाच्या गॅरेजवर एक माळा होता, तिथे त्यांची सोय झाली. बॅग ओढत उतरणारे भाऊजी आम्ही खिडकीतून बघत होतो. कुणीतरी बोलवावं म्हणून ते दोनदा थांबले. आमचे हे उठले होते. वन्सं म्हणाल्या, "बस." हे बसले.

वन्संनी खिडकीजवळचा पलंग घेतला. सकाळी भाऊजी मान वाकडी करून चहाला आले. "गादी कसली, पाटा होता नुसता," म्हणाले.

"सवय होते," वन्सं म्हणाल्या. "मला झाली ना?"

भाऊजी चहा संपला तरी कप हातात धरून बसले. मग हळूच म्हणाले, "ताई, मी मोजलं होतं गं. तुला धरायचं लक्षातच आलं नाही."

"तेच म्हणतेय मी," वन्सं म्हणाल्या. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही. समजूतही काढली नाही. "ऊठ, बर्फाकडे जायची गाडी चुकेल. आज तरी स्टेशन बघून घे."

मुक्काम संपेपर्यंत भाऊजी त्या माळ्यावरच झोपले. वर जायच्या गाडीत वन्सं पुढे बसल्या. बर्फात पहिलं पाऊल टाकल्यावर त्या खाली वाकल्या, मूठभर बर्फ उचलला, बोटांनी चुरून बघितला. "गाठी नाहीत," मला म्हणाल्या. मी हात जोडले. त्यांनी नाही जोडले, त्यांच्या हातात बर्फ होता.

तर विचका म्हणतात तो हा. एका माणसाला माळ्यावर झोपावं लागलं. बाकीच्या मुक्कामांवर एका बाईला रस्त्यात उभं केलं होतं, त्याला कुणी विचका म्हणत नाही. त्याला ॲडजस्ट करणं म्हणतात.

घरी आल्यावर वन्संनी पहिलं काम काय केलं असेल, तर चांगला कापूस निवडून स्वतःसाठी गादी भरली. काठ दुहेरी शिवले. पलंग सुताराकडून करून घेतला आणि बाहेरच्या खोलीत, दारातून आल्या आल्या समोर दिसेल असा मांडला. दुकानाची रीत त्यांनी मोडली नाही, फक्त नव्या गाद्यांवर झोपून बघायचं काम दोन्ही भावांकडे वाटून दिलं. आळीपाळीने. भाऊजींना गाठी सापडत नाहीत, म्हणून त्यांच्या पाळीच्या गाद्या दुसऱ्या दिवशी वन्सं हाताने चाचपतात आणि त्यांना बोलतात.

परवा भाऊजींच्या सासुरवाडीची माणसं आली होती. त्यांच्यातल्या एका आजोबांचा पाय पलंगाच्या कोपऱ्याला लागला. "अहो, हा असा वाटेत कशाला ठेवलाय?" ते म्हणाले. "भिंतीकडे सरकवा की. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण होते."

वन्सं गादीवर मांडी घालून उशीची खोळ शिवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"होऊ दे," म्हणाल्या. "वळसा घाला."